वहिनी म्हणजे कोण

वहिनी, तुला आई म्हणायची सवय आम्हाला लागलीच नाही. घरात काका तुला वहिनी म्हणायचे, ते ऐकत आम्ही दोघं भावंडं वाढलो आणि तीच हाक आमच्याही तोंडी बसली. शाळेत बाई विचारायच्या, आई कुठंय गं तुझी? मी म्हणायचे, वहिनी मसाला कुटायला गेलीय. सगळा वर्ग हसायचा. त्या हाकेवरून साताऱ्याच्या कोर्टात दावा उभा राहील, असं कुणी सांगितलं असतं तर तूही पदर तोंडाला लावून हसली असतीस.

तू गेल्यावर दादानं, तू विकायचीस त्या मसाल्याचं 'वहिनीचा मसाला' हे नाव रजिस्टर करून घेतलं. पुढं त्याची बायको भांडून वेगळी झाली, आपल्या उंब्रजलाच हायवेच्या पलीकडं तिनं मसाला कांडप टाकलं आणि पाकिटावर छापलं, 'वहिनीचा मसाला'. दादा पेटला. सरळ दावा ठोकला. ती कोर्टात म्हणाली, "सायेब, लगीन करून आल्यापास्नं समदं गाव मला वहिनीच म्हनतंय. मी माजंच नाव लिवलंय, कुनाचं चोरलं?" मी दादाची साक्षीदार. त्याच्या वकिलानं विचारलं, घरात वहिनी कुणाला म्हणत? मी म्हणाले, आईला. खोटं काय त्यात? दादाच्या बायकोला मी कधी वहिनी म्हटलंच नाही, ती हाक तुझ्याकडं अडकलेली.

निकाल दादाच्या बाजूनं लागला. शब्द नात्याचा असला तरी मसाल्याच्या पाकिटावर तो एकाच बाईची ओळख झालाय, सबब दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. आता गंमत बघ. मी सांगलीत वकिली करते, ट्रेडमार्कच्या निकालांवर एका मासिकात टिपणं लिहिते. तू गेलीस तेव्हा मी नुसती कॉलेजात होते. संपादकांना माझं माहेरचं आडनाव ठाऊक नाही. फोनवर म्हणाले, झकास मुद्दा आहे, लिहाच. बसले लिहायला. निकाल योग्य, असं लिहिलं आणि खोडलं. निकाल चुकला, असं लिहिलं, तेही खोडलं. कायद्यानं दादाचं बरोबर, आणि तिचं तरी कुठं चुकतंय? डोक्याचं पार दही झालंय. टिपण राहिलं बाजूला, आणि तुला पाठवता येत नाही ते लिहीत बसलेय.

काल तिचाच फोन. "आवं वन्सं, पाटी काडली, पाकिटं बी जाळली. पर गिऱ्हाईक दारात येऊन वहिनी म्हनतंय, त्याला न्हाई कसं म्हनू? का त्यो बी गुन्हा हाय?" ती अपील करणार आहे. म्हणाली, "तुमास्नी ठावं हाय तेवडं लिवून द्या, लय न्हाई मागत." मी म्हणाले, बघते. अशिलाला टाळताना म्हणते तसं.

ठावं आहे ते असं. तुझं शेवटचं वर्ष. तू खोबरं भाजतेयस, ती मिरच्यांची देठं खुडतेय, मी पुस्तक घेऊन उंबऱ्यात. बाहेरून कुणीतरी ओरडतं, "ओ वहिनी, अर्धा किलो मसाला द्या." तुम्ही दोघी एकदम उठता. मग तू परत खाली बसतेस आणि तिला म्हणतेस, "जा गं, तुलाच बलावत्यात. आता तूच वहिनी."

साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होते तेव्हा हे मला लख्ख आठवलं होतं. कुणी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलेय. खरं म्हणजे ती दादाला सोडून गेली म्हणून मला तिचा राग आला होता.