मार्सेलचं कालवण

ठाणे,
रविवार, ता. १५ एप्रिल १९५१

चि. गोदा हिला आवडाचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, तो तिकडे परदेशातही दुखत होता, त्यामुळे त्याचं नवल नाही. तुझ्या पंढरीचा खोकला गेला का ते कळव. सरोजच्या सासरचे मानपानाला खळखळ करत नाहीत हे वाचून बरं वाटलं. पोर गुणाची आहे, कुठेही गेली तरी घर उचलून धरेल.

तुझं पत्र मास्तरांच्या अक्षरात आलं. मी माझ्या हातानं लिहिते आहे, दोन यत्ता शिकले त्याचं काहीतरी होऊ दे. मास्तर वाचून दाखवतील तेव्हा तुझे दीर काळुरामभाऊ ओट्यावर बसलेले असतील. असू देत. त्यांनीही ऐकावं.

तू लिहितेस, सरोजच्या हळदीला ये, पण आल्याबरोबर चार बायकांसमोर सांग, की वर्षभर परमुलखात मी माझ्या हातचा भात नि वरणच खाल्लं, श्रावणही पाळला. एवढं बोललीस की काळुरामभाऊ गप्प बसतील आणि भाकरीची उकड तुलाच काढायला मिळेल. नाहीतर तुला चुलीपाशी बसू देणार नाहीत.

अगं, किती सोपं करून ठेवलंस!

आपल्या घरात हळदीच्या दिवशी तांदळाच्या पिठाची पहिली उकड नवरीच्या थोरल्या मावशीनं काढायची. माझ्या हळदीला काशीमावशीनं काढली, तुझ्याही. आता सरोजची मावशी मी एकटी. मला मूल नाही, माझ्या हातानं दुसरी कुठली उकड निघायची नाही. तुला हे माहीत आहे, म्हणूनच तू मला खोटं शिकवतेस. तुझा जीव कळतो मला. पण ऐक.

आमचे पारशी शेठ कापसाच्या धंद्यासाठी जगभर निघाले आणि त्यांची म्हातारी आई माझ्या हातचंच जेवते म्हणून मला बरोबर नेलं, एवढं सगळ्या गावाला माहीत आहे. मी पश्चिमेच्या बंदरातून गेले नि पूर्वेच्या बंदरातून आले, म्हणजे पृथ्वीला पुरी प्रदक्षिणा घातली, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारतात काय, तर "काय खाल्लंस?" आणि तेही नाक मुरडून.

मग सांगतेच. सगळं खाल्लं.

इजिप्तात शेठांचे सौदे दोन महिने लांबले. तिथे पावट्यासारखे दाणे मातीच्या मडक्यात रात्रभर निखाऱ्यावर ठेवतात, सकाळी वर तेल नि लिंबू. आपलं बिरडं सोलून सोलून आपली नखं जातात, ती माणसं सालासकट खातात आणि चव अशी की म्हातारीनं माझ्या हातचा गोड रवा बाजूला सारला. "आवडी, दीकरी, काले पन आ ज लावजे," म्हणाली, म्हणजे उद्याही हेच आण. लंडनात मासा तळून वर्तमानपत्राच्या कागदात देतात. मीठ नि आंबट पाणी वरून. थंडीनं बोटं वाकडी झालेली, त्या कागदानं हात शेकत खाल्ला. मासा बरा, पण मिरची म्हणून नाही. त्या दुकानदारणीला मी खुणेनं सांगितलं, तर ती हसून मला मोहरी देते! जपानात सुक्या मासळीचा दगडासारखा तुकडा रंध्यावर किसतात आणि त्याचं पाणी पितात. ती बाई भुसा काढते आहे असं वाटलं मला. पण पहिल्याच घोटाला आपल्या घरची सुकटीची डालगी डोळ्यांपुढे आली. आपण सुकट खातो म्हणून ठाण्यात शेजारणी खिडक्या लावून घेतात, आणि तिकडे मोठमोठे साहेबलोक मांडी घालून तेच पाणी मिटक्या मारत पितात. मला एवढा अभिमान वाटला, की मी दोन वाट्या जास्त मागितल्या.

मार्सेलचं राहिलं. ते मुद्दामच मागे ठेवलं.

आधी श्रावणाचं बोलते. मी पाळला, गोदे. देवाशपथ पाळला. ज्येष्ठात घर सोडलं, तेव्हापासून चंद्र बघून महिने मोजत होते. ज्येष्ठाची अवस गेली, आषाढ. आषाढाची गेली, श्रावण. महिनाभर मासळीकडे बघितलं नाही, तिथल्या बाजारात नाकाला पदर लावून चालले. मग अवस झाली, चौथीला इजिप्तातल्या खोलीत पाटावर सुपारी मांडून गणपती केला, आणि सुटले. मग मार्सेलला आलो.

तिथे बंदरावर कोळणी बसतात. आपल्यासारख्याच, तोंडानं तिखट. गिऱ्हाइकानं मासळीला बोट लावलं की अंगावर येतात. एक जाडी बाई मोठ्या टोपात मासळीची डोकी, बारीक काटेरी मासळी, लसूण असं सगळं उकळत होती. मग ते ठेचून गाळलं, त्यात केशर टाकलं. केशर! मासळीत! मी जवळ जाऊन वास घेतला. तिनं माझं लुगडं बघितलं, नथ बघितली, काहीतरी बडबडली आणि पळी माझ्या तोंडापुढे धरली. अगं, आई नाही का डोकी वेगळी उकळून काटे गाळायची नि म्हणायची, "काट्यात खरी चव हाय, मांस काय कोनीबी खाईल"? तेच. चिंच नाही, तिखट नाही, तरी आईचाच हात. मी तीन वाडगे प्याले. पावानं वाडगा पुसला. ती बाई माझ्या पाठीवर थाप मारून हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी मंगळवारी आमची गाडी होती, म्हणून तो सोमवार पक्का ध्यानात आहे.

पुढे तुझं तेव्हाचं पत्र लंडनला मिळालं. आई गेली, श्रावणी सोमवार, ऑगस्टची अठ्ठावीस, दिवेलागणीच्या आधी.

मी शेठांच्या आईला म्हटलं, श्रावण कसा? श्रावण कधीच संपला. तिला आपले महिने कुठले ठाऊक. तिनं एका गुजराती दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "बेन, आ वरसे तो बे अषाढ हता." अधिक महिना. घरी असते तर भटजीनं सांगितलं असतं, बोटीवर कोण सांगणार? मी दुसऱ्या आषाढात उपास काढला आणि खऱ्या श्रावणात मासळी खाल्ली. तोच सोमवार. तीच वेळ, थोडी पुढेमागे. तू आईच्या तोंडात पाणी घालत होतीस आणि मी पावानं वाडगा पुसत होते.

हे मी कोणाला सांगितलं नाही. आल्यापासून तुझ्याकडेही फिरकले नाही, ते गुडघ्यामुळे नाही.

आता प्रायश्चित्त घे म्हणशील. आणखी एक ऐक, मग म्हण. निघायच्या आदल्या दिवशी मी आईच्या उशाशी बसले होते. मला वाटलं रडेल, जाऊ नको म्हणेल. ती म्हणाली, "जा गो. सगल्या जगातल्या बाया काय रांदतात त्ये खाऊन ये, नि मला येऊन सांग. मी बाजाराच्या पुढं गेलेली नाय." साठ वर्षं तिनं कल्याणच्या बाजारापर्यंतच पाय टाकला. मी प्रत्येक ठिकाणी चव जिभेवर धरून ठेवत होते, गोदे, तिला सांगायला. आणि आता तू म्हणतेस, सांग की भात नि वरण खाल्लं. तेवढं सांगितलं तर आईचं काम मी केलंच नाही असं होतं. चुकीच्या महिन्यात खाल्लं हे चुकलं, त्याचं काय करायचं ते देव बघेल. पण खाल्लं, आणि गोड लागलं. याला मी नाही म्हणणार नाही, सरोजच्या हळदीसाठीही नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी मी येते आहे. बोलावणं मिळालं असं धरून येते. पाणी उकळलं की पीठ माझ्यापुढे ठेव. उकड काढता काढता बायका विचारतील, त्यांना इजिप्तापासून जपानपर्यंत सगळं सांगेन, मार्सेलही, वार नि तारखेसकट. मग कोणाला माझ्या हातची भाकरी नको असेल तर त्यांनी दुसरीकडे जेवावं. आणि मला चुलीपासून उठवायचंच असेल, तर काळुरामभाऊंना मध्ये घालू नको. तू स्वतः माझ्या हाताला धरून उठव. तुझ्या हातानं उठेन मी, मुकाट्यानं. दुसऱ्या कोणाच्या नाही.

सरोजला माझा मुका.

आईनं पाठवली म्हणून गेलेली,
तुझी थोरली बहीण
आवडा