बाबांचा उजवा हात

लाडके चिमणे,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचलंस तर तिकडचं सगळं सोडून धावत सुटशील. लहानपणापासून तुझी तीच खोड. बाबांची संध्याकाळची प्रार्थना संपायचा अवकाश, तू त्यांच्या डाव्या हाताखाली डोकं घालून मोकळी! उजवा हात माझा. पण मी आधी भांडी घासणार, ओटा पुसणार, मग आशीर्वाद घ्यायला जाणार. देवापुढे खरकट्या हातांनी जायचं कसं?

आता पक्षाघाताने बाबांचा हात लुळा पडला, तोही नेमका उजवाच. नशीब बघ माझं. तेल चोळलं, व्यायाम करवला, घाम गाळला, पण हात काही उठला नाही. वाटलं, माझाच विश्वास कमी पडतोय.

काल प्रार्थना संपली आणि सवयीने मी भांड्यांना हात घातला. मग काय झालं कोण जाणे, साबणाच्या हातांनी तशीच उठले, बाबांच्या खुर्चीपाशी गुडघे टेकले आणि तो निर्जीव हात उचलून डोक्यावर ठेवला. गवंड्याचा हात तो, अजून विटेसारखा जड.

"एवढंच तर करायचं होतं, वेडाबाई," बाबा अडखळत म्हणाले. "मी रोज तुझ्यासाठीच थांबतो की."

मी पोटभर रडले. मान वर केली तर त्यांचा डावा हात शेजारी हवेत चाचपडत होता, तुझं डोकं शोधत. मी तिकडे सरकले नाही गं. ती जागा तुझी आहे.

तुझी,
ताई