आंधळी कोकरं

तेजूची आई,

फोन तुझा भाऊ तुला देत न्हाई, म्हणून लिहितो. टपालात टाकायची छाती होईल का, माहीत न्हाई.

काल तेजूला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलतं. एवढ्या लहान वयात स्किझोफ्रेनिया कावून होतो, रक्तातून येतो का, याचा अभ्यास करणाऱ्या बाई तिथं आल्यात. त्यांनी तिचं रक्त घेतलं, माझंबी घेतलं. तुझं लागंल म्हणाल्या.

तेजू आता ताट झाकून जेवती. भिंतीतला माणूस त्यात थुंकतो म्हणती.

बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालतं का?" मी न्हाई म्हणलो. माझा चुलता बंकट तापानं गेला, असं तुलाबी सांगितलंय. ते खोटं हाय. पंधराव्या वर्षापासून तो भिंतीशी बोलायचा. त्याला मेंढरांत बांधून ठेवायचे. भाकर मीच नेऊन द्यायचो.

तरी चार लोकांत मी म्हणलो, हे तुझ्या माहेरचं रगत हाय. म्हणून तू गेलीस.

बाई म्हणाल्या, दोष कुणाचाच नसतो, रिपोर्टात कदाचित काहीच दिसणार न्हाई. मला मात्र त्या कागदाचं लई भ्या वाटतंय.

आपल्या ठिपक्याच्या मेंढीला आंधळं कोकरू झालतं. मी मेंढी पाटोद्याच्या बाजारात विकली, मेंढा ठेवला. औंदा दुसऱ्या दोन मेंढ्यांना आंधळीच कोकरं झालीत. तेजू ती दोन्ही कोकरं मांडीवर घेऊन बसती. आज सकाळी तिनं मला विचारलं, "आप्पा, आता कुणाला विकणार?"

तिचा बाप,
राधाकिशन