नवमीला उतरलेला ताप

आई, परवा रामनवमीला देवळाच्या सभामंडपात तुझा फोटो लावला. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, पण गावाला अजून तुझं कौतुक आवरत नाही. कपाळाला बुक्का, हातात चिपळ्या, आणि चेहरा असा की देव नुकताच दारात येऊन तुझी ख्यालीखुशाली विचारून गेला. उत्सव मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, बाईंनी केळशीपासून काशीपर्यंत कीर्तनं केली, इंदूर, बडोदं, ग्वाल्हेर गाजवलं, पण देवाचा एक उत्सव चुकवला नाही. खरं आहे. देवाचा एकही चुकवला नाहीस. माझे वाढदिवस, शाळेतलं गॅदरिंग, दहावीचा निकाल हे काही देवाचे उत्सव नव्हते, तेव्हा ते तुझ्या वेळापत्रकात बसले नाहीत.

कौसल्येचं आख्यान तुझं फार रंगायचं म्हणे. ती रामाला कुशीत घेते तिथे बायका हुंदके द्यायच्या. त्या वेळी बाबा मुंबईला नोकरीत आणि मी शेजारच्या काकीकडे पेज जेवत असायचे. येताना तू मात्र आठवणीने काहीतरी आणायचीस. एकदा ग्वाल्हेरहून लाल लोकरी स्वेटर आणलास. रत्नागिरीत, ऐन मे महिन्यात! मी अकरा वर्षांची आणि स्वेटर सहा वर्षांच्या मुलीचा. तो माझ्या छातीला लावून बघत तू म्हणालीस, "अगो, केवढी वाढलीस!" जसं काही मी तुला न विचारता वाढले होते.

हे सगळं मी सोडूनही दिलं असतं. सुटलं नाही ते नवव्या वर्षीचं. गुढीपाडव्याचा दिवस. मी तापाने फणफणलेली आणि तू गुहागरकडच्या कुठल्याशा गावी नऊ दिवसांच्या कीर्तनाला निघालेली. बॅग भरून दारात ठेवलेली होती. तू कपाळावर हात ठेवलास, ताप आहे हे तुला नीट कळलं, अंगारा लावलास आणि म्हणालीस, "देवाला शब्द दिलाय गो. तोच बघेल तुझ्याकडे." मग एसटीची वेळ झाली. देव काही फिरकला नाही. काकी आली. बाजारात मासळी विकून घर चालवणारी बाई ती. तिने आपली पाटी धुऊन भिंतीला उलटी टेकवली आणि नऊ-दहा दिवस तिला हात लावला नाही. चौथ्या दिवशी रिक्षात घालून मला दवाखान्यात नेलं. टायफॉइड निघाला. सलाइन लावलेला माझा हात धरून ती बसून असायची. "तुजी आवस येल गो बाय. तवर मी हाय ना." आणि मी कार्टी तिला म्हणायची, काकी, तुझ्या हाताला वास येतो. ती उठायची, साबण लावून हात धुऊन यायची, परत धरायची.

ताप दशमीला सकाळी उतरला. संध्याकाळी तू आलीस, नारळ आणि खण घेऊन.

पुढच्या वर्षी आपल्याच देवळात, रामजन्माच्या कीर्तनात, मी माझीच गोष्ट ऐकली. पोटच्या पोरीला तापात देवाच्या हवाली करून एक आई कीर्तनाला उभी राहते. घरात दुसरं कुणी नाही. नवमीला बरोबर बाराच्या ठोक्याला इकडे रामाचा पाळणा हलतो आणि तिकडे पोरीचा ताप उतरतो. सगळा मंडप रडला. काकीही रडली, मागे, चपलांपाशी बसून. दशमीची नवमी केलीस, दवाखाना गाळलास आणि काकीला तर असं पुसलंस की बोटाचा ठसाही राहिला नाही. चौदाव्या वर्षी मी तुला स्वयंपाकघरात गाठलं. तू विळीवर नारळ खवत होतीस. काकीचं नाव का घेत नाहीस, असं विचारलं तर मानही वर न करता म्हणालीस, "कथेत माणसं वाढली की देव बारीक होतो." आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवलास. तो मी खाल्ला, याचा मला अजून राग येतो.

तर परवा मला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. मी ठरवूनच गेले. काकी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला रिक्षाने घेऊन गेले, वाटेत सांगितलं, आज सगळ्यांसमोर तुझं नाव घेणार आहे. "माजं कशाला गो?" म्हणाली, पण ठेवणीतलं लुगडं नेसली होती. पुढे चल म्हटलं तर ऐकेना. "हितं वारा बरा लागतो," म्हणून दाराशीच बसली. मी उभी राहिले आणि सुरुवात केली, त्या पाडव्याला मला ताप भरला होता. लगेच माना डोलायला लागल्या. पुढच्या ओळीतल्या बायकांनी तर आधीच पदर डोळ्यांना लावले. आणि आई, माझा आवाज तुझ्या पट्टीत चढला. तू जिथे थांबायचीस तिथे मी थांबले. घरात दुसरं कुणी नव्हतं, असं मी म्हणाले. काकीकडे बघत म्हणाले. बारा वाजले, पाळणा हलला, ताप उतरला. नवमीला. मग टाळ्या, आणि त्या मला हव्याशा वाटल्या.

परतताना काकी रिक्षात डोळे पुसत होती. "अगदी तुज्या आवशीवानी सांगितलंस," म्हणाली. नावाचं काही विचारलं नाही. उतरताना आधाराला माझा हात धरायच्या आधी तिने आपला हात लुगड्याला पुसला.

जन्मभर तुला ढोंगी म्हणत आले, ते मागे घेणार नाही. हे पत्र स्वेटरच्या घडीत ठेवून देईन, दुसरीकडे कुठे जाणार ते. फक्त एक सांगायचं राहिलं. पुढच्या नवमीला मंडळाने मला पुन्हा बोलावलंय. मी लगेच हो म्हटलं, आणि कालपासून सलाइनच्या वेळी माझा हात धरणारा काकीचा हात देवाचा करून सांगता येईल का, ते मनात जुळवून बघतेय.