आखाजीचा मुराळी

धुळे,
८ एप्रिल २०२५

चि. स्वप्नील यास मामाचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. ऊन आतापासूनच डोकं तापवतंय. तुझी मामी गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालते आणि कबुतरं हाकलायची ड्यूटी मला लावते. सूनबाईंना आशीर्वाद सांग.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू नुसतं ‘हं मामा, हं मामा’ करतोस आणि तेवढ्यात मागून कुणीतरी तुला हाक मारतं. कागद निदान शेवटपर्यंत वाचावा लागतो.

तर तुझ्या सांगण्यावरून काल जळगावला जाऊन म्हाताऱ्यांचं ते केंद्र बघून आलो. अक्काच्या खुब्याचं हाड जुळलं, पण ती पलंग सोडत नाही. रोज कुणी जाणकाराने व्यायाम करून घेतला तरच ती चालेल, नाहीतर कायमची अंथरुणाला खिळेल, असं डॉक्टर म्हणाले ते मीही ऐकलंय. भडगावला शेवंताबाई तिचं खाणंपिणं, अंघोळ सगळं मायेनं करते, पण तिला उभं करायचं म्हटलं की दोघीही घाबरतात. आमच्या घराला दोन जिने. तुमच्या घराला दिवसभर कुलूप. तेव्हा अशी जागा हवीच, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुझ्या आईला परक्याच्या हाती द्यायचं तर आधी नीट बघायला हवं, आणि तू मोबाइलवर फोटो बघून खूश झालास त्याला मी बघणं म्हणत नाही.

मी एस.टी.त तिकिटं तपासण्यात केस पांढरे केले. माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही, मामीवरही बसायला वेळ लागला. केंद्र शहराच्या जरा बाहेर आहे, पलीकडे केळीच्या बागा. फाटक नवंकोरं, कुंड्या ओळीत, आणि मी खुर्चीत टेकलो नाही तोच चहा आला. तिथेच मला पहिली शंका आली. ज्या कंडक्टरने मी गाडीत चढल्या चढल्या चहा विचारला, त्याच्या गाडीत फुकटे निघाले नाहीत असं कधी झालं नाही.

चालवणाऱ्या बाईंचं नाव रूपल. घरचा धान्याचा व्यापार. चांगला धंदा सोडून म्हाताऱ्यांचं कशाला करता, असं मी सरळच विचारलं. सासरे दलिचंदशेठ यांना लकवा मारला तेव्हा इकडे जवळपास काही सोय नव्हती, लांब ठेवावं लागलं, त्यावरून सुचलं, असं म्हणाल्या. उत्तर पाठ केल्यासारखं आलं. मग मी उठून सगळं बघितलं. न्हाणीघरातल्या दांड्यांना अक्षरशः लोंबकळलो. गाद्या उलटून पाहिल्या. एका रिकाम्या पलंगाजवळची घंटी गुपचूप दाबली, तर नर्स धावत आली आणि मला खिडकीकडे बघत उभं राहावं लागलं. आता यात खोट काढायला जागा नव्हती, पण मी येणार हे त्यांना आधीपासून माहीत होतं हेही विसरू नकोस.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. फाटकाजवळच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. इस्त्रीचं लुगडं, हातभर बांगड्या, मांडीवर पिशवी. मी आत शिरताना, भावाची वाट बघत असल्यासारखं, तिने विचारलं, “मना भाऊ उना का?” मी काही बोलायच्या आत रूपल मॅडमनी मला घाईने आत नेलं. निघताना बघतो तर म्हातारी तिथेच. तिला जायचं असेल आणि ही माणसं जाऊ देत नसतील तर?

दुसरी गोष्ट तुझ्याबद्दल. मला तू म्हणालास, तीन महिने ठेवू, चालायला लागली की परत आणू. रूपल मॅडमच्या तोंडून निघून गेलं, ‘तुमच्या भाच्यांनी कायमचं विचारलंय.’ मी म्हटलं, चुकून म्हणाला असेल. चुकून का, ते कळव.

तू फोनवर मला जे दुसरं काम सांगितलंस त्याबद्दल आत्ता लिहीत नाही. आधी केंद्र पुरतं तपासू दे.

तुझा मामा,
ज्ञानेश्वर

धुळे,
१७ एप्रिल २०२५

चि. स्वप्नील यास आशीर्वाद.

माझं पत्र पोचल्याचं कळलं. तू अंगठा पाठवलास आणि ‘मामा, निवांत कॉल करतो’ असं लिहिलंस. अजून तुला निवांतपणा मिळालेला दिसत नाही. तीन महिने की कायम, हा प्रश्न फार अवघड नव्हता.

असो. आमच्या खात्यात एक पद्धत होती. गाडी स्टँडवर तपासायची नाही, तिथे सगळे शहाण्यासारखे वागतात. मधल्या एखाद्या फाट्यावर हात दाखवून चढायचं. म्हणून काल कुणाला न कळवता भर दुपारी गेलो, आणि भाजीची हातगाडी आत जात होती तिच्या मागोमाग मागच्या दाराने शिरलो. स्वयंपाकीणबाईंना वाटलं मी भाजीवाल्याचा माणूस. त्यांनी मला कोथिंबीर कालची आहे म्हणून झापलं.

भाकरी पातळ आणि मऊ होती, डाळीत कुस्करून मी स्वतः खाल्ली. मोठ्या खोलीत दोन दांड्यांच्या मधून एक आजोबा चालत होते आणि व्यायाम शिकवणारी मुलगी त्यांना रागवत होती, आजोबा उलट तिला रागवत होते, आणि असं भांडत भांडत ते पार टोकापर्यंत गेले. कुणी कुणाला बांधून ठेवलेलं नव्हतं. कुणाचे कपडे ओले नव्हते. न्हाणीघरापुढचं पायपुसणं तेवढं सरकत होतं, ते मी रूपल मॅडमना दाखवलं. त्यांनी माझ्यासमोरच ते बदललं, आणि मला त्याचाच राग आला. खरं सांगतो, तिथे काहीतरी वाईट सापडावं असंच मला मनातून वाटत होतं. वाईट सापडलं असतं तर ‘नको’ म्हणून मोकळा झालो असतो, आणि पुढचं काही करावंच लागलं नसतं.

मग मी त्या बाकावर जाऊन बसलो.

तिचं नाव भागाबाई, पिंपळनेरकडची. डोकं साफ आहे बरं का, माझं गाव, माझी नोकरी, सगळं खोदून विचारलं. मीही विचारलं. मागल्याच्या मागल्या वर्षी तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि म्हणाला, आखाजी जवळ आली, माहेरी चल. तिने नव्या बांगड्या भरल्या, वहिनीसाठी खाऊची पुडी बांधून घेतली. इथे आणून त्याने तिला उतरवलं, चाकात हवा भरून येतो म्हणाला, आणि गेला. फोन करतो म्हणे, पण आलेला नाही. दोन आखाज्या झाल्या. पडून हाड मोडल्यावर तिलाही व्यायामासाठीच आणलं होतं. पण ती त्या मोठ्या खोलीत पाऊल टाकत नाही. सकाळी चाकाच्या खुर्चीतून बाकापर्यंत येते आणि संध्याकाळी तशीच आत जाते. आपण आत व्यायाम करत असलो आणि नेमका तेव्हाच भाऊ आला तर तो परत जाईल, असं तिचं म्हणणं.

मी तडक रूपल मॅडमकडे गेलो आणि आवाज चढवून विचारलं की या बाईला तुम्ही का अडकवून ठेवलंय. त्या शांतपणे म्हणाल्या, “मामा, फाटकाला कुलूप नाही. आम्ही तिला धरून ठेवलेलं नाही. तिला आणणाऱ्याने तिला खरं सांगितलं नाही, आणि आता आम्ही सांगतो ते तिला खोटं वाटतं.” खेड्यातून येणाऱ्या कितीतरी जणी अशाच येतात म्हणे. कुणाला लग्नाचं सांगतात, कुणाला देवदर्शनाचं, आणि चैत्र-वैशाखात आखाजीचं. पहिल्या दिवशी आम्ही त्यांच्यापुढे चोर ठरतो, त्या म्हणाल्या, आणि या बायका महिना महिना पायाला हात लावू देत नाहीत. नेमका तो महिनाच तर महत्त्वाचा असतो. मग त्यांनी विचारलं, तुमच्या ताईंना काय सांगून आणणार आहात?

मी चष्म्याचं घर शोधत बसलो.

स्वप्नील, तूच मला सांगितलं होतंस. ‘मामा, आई माझ्याशी वाद घालेल. तुमच्याबरोबर मात्र ती हूं की चूं न करता निघेल. आखाजीला न्यायला आलोय म्हणा, गाडी मी पाठवतो, जळगावला उतरवा, पुढचं मी बघतो.’ आणि मी ‘बघू’ म्हणालो. माझ्या ‘बघू’चा अर्थ हो असतो हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी तर मामीला अक्कासाठी लुगडं आणायलाही सांगितलं होतं, म्हणजे तिला शंका यायला नको. तिकडे पुण्यात आखाजीला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आपल्याकडे त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि त्यासाठी त्यांचा भाऊ मुराळी होऊन दारात उभा राहतो. अक्का सासरी गेल्यापासून मी तिचा मुराळी आहे. मी दारात दिसलो की ती पिशवी उचलते, कुठे जायचं ते विचारत नाही. माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारं जगात हे एकच माणूस आहे, आणि तू नेमका त्याचाच उपयोग करायचं ठरवलंस.

मला तुझा राग आलाय. माझा त्याहून जास्त आलाय, कारण तू घाबरून बोललास आणि मी सगळं समजून हो म्हणालो. भागाबाईच्या भावाला मी मनात शिव्या घातल्या, आणि येताना गाडीत लक्षात आलं की त्याच्यासारखंच करायला मी निघालो होतो.

परवा भडगावला जातोय. गाडी पाठवू नकोस, मी एस.टी.ने जातो. तिथे काय बोलायचं ते माझं मी ठरवीन.

मामा

धुळे,
२३ एप्रिल २०२५

चि. स्वप्नील,

आशीर्वाद. तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. आधी हे वाच.

मी दारात दिसलो तशी अक्का पलंगावरूनच हसली. “आजच उना रे ज्ञाना? आखाजीले अजून टाइम शे,” म्हणाली, आणि शेवंताबाईला पिशवी काढायला सांगायला लागली. मी म्हटलं, पिशवी राहू दे, आधी ऐक. मग सगळं सांगितलं. केंद्राचं सांगितलं, तू ठरवलेलं सांगितलं, मी हो म्हणालो होतो तेही सांगितलं. तुझ्यावर ढकलून मोकळं व्हावं असं फार वाटत होतं. ढकललं नाही.

तिने भिंतीकडे तोंड केलं. शेवंताबाईने चहा ठेवला तो तसाच गार झाला. मला वाटलं आता ही मला घालवून देणार, आणि दिलं असतं तर मी निमूट निघालो असतो. मग भिंतीकडे बघतच तिने विचारायला सुरुवात केली. अंघोळ बाई घालते की बाप्या? भाकरी चावते का? रात्री दिवा असतो का? मी बघितलं होतं तेवढं सांगितलं, बघितलं नव्हतं ते बघितलं नाही म्हणून सांगितलं. मग म्हणाली, “तठे माले चालता ई का?” मी म्हटलं, डॉक्टर हो म्हणतात, पण दुखेल, पोरगी रागावेल, तूही तिच्यावर रागाव. त्यावर ती वळली आणि तिने विचारलं, “किती दिन?”

ते तू मला अजून कळवलेलंच नाहीस. मी गप्प बसलो. एवढी वर्षं मी लोकांच्या तोंडावरून खोटं ओळखलं, तिने माझ्या गप्प बसण्यावरून तुझं सगळं ओळखलं.

ती रडली नाही. मी रडलो, शेवंताबाईसमोर, त्याचं मला काही वाटत नाही. अक्का एवढंच म्हणाली, “मना पोऱ्याले तोंड नही शे का? मी जासु. पन त्यानी इसन माले सांगानं.”

तेव्हा आता ठरलं ते ऐक. आखाजीला ती आमच्याकडे येणार, खरोखर येणार. खुर्चीत बसवून दोन्ही जिने चढवायचे, मी खालच्या मजल्यावरच्या दोघांना सांगून ठेवलंय आणि मामीने झोक्याचा दोर खाली काढलाय. मला न्यायला जायचं आहे ते तेवढ्यासाठीच. त्यानंतर तिला जळगावला नेणं हे माझं काम नाही. ते तुझं. रजा काढ, ये, तिच्या पलंगाजवळ बस आणि तुझ्या तोंडाने सांग. तीन महिने असतील तर तीन महिने सांग. कायम असेल तर कायम सांग, आणि ती काय म्हणेल ते बसून ऐक. ती ओरडेल, तुझ्या बापाचं नाव काढेल, जेवणार नाही. मग जेवेल. माझ्याशीही शेवटी बोललीच.

केंद्र चांगलं आहे. मी पुढून तपासलं, मागून तपासलं, आणि माझी हरकत नाही. तिथे शंका घ्यावी असं एकच काही होतं, आणि ते तुझ्या-माझ्या तोंडी होतं.

तुझ्यावर माया आहे म्हणून इतकं लिहिलं. पण तू नाही आलास, तर तिला त्या फाटकातून आत नेणारा मी नसेन. कुठलीही गाडी पाठव, कुणालाही पाठव, मी दारात आडवा उभा राहीन. वाट बघतो.

आधी अक्काचा भाऊ, मग तुझा मामा,
ज्ञानेश्वर