तिसरी प्रत

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच कपाटावर भिरकावलं नसशील, तर आधी बातमी घे. जिंकलो! मुलांच्या इस्पितळानं माझ्या पेट्या घेतल्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या सहा! तुझ्या या भावानं आज दुपारी अकरा डॉक्टरांसमोर स्वतःच्या हातानं, मुद्दाम, सगळं पुसून दाखवलं आणि तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. थांब, नीट सांगतो. नेहमीसारखी शेवटाकडून सुरुवात करतोय.

पेटी काय असते ते तुला सांगायला नको, पहिली तुझ्याच दवाखान्यात बसवली होती. कचेऱ्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर आणायचे, धूळ झटकायची, पंखा बदलायचा, दोन नव्या डिस्क घालायच्या आणि त्यावर ते फुकटचं, कुणालाही उघडून बघता येणारं सॉफ्टवेअर चढवायचं. झालं! ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर आपापल्या फाइली त्या एकाच पेटीत ठेवतात. हे सॉफ्टवेअर कुठकुठच्या अनोळखी माणसांनी लिहिलंय, आणि अडलं की त्यांच्यातलाच कुणीतरी उत्तरही देतो. मी एकदा एका दिवसात चार बावळट प्रश्न विचारले. चौथ्या उत्तरात माझी अक्कल काढली होती, पण उत्तर बरोबर होतं. बड्या कंपनीनं सांगितलेल्या भावाच्या पाव किमतीत माझं सगळं काम बसलं.

तर आजची परीक्षा. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणजे खाष्ट प्रकरण. एका मुलाचं रेकॉर्डिंग वाजत असताना त्यांनी मला न विचारता पेटीतली एक डिस्क खसकन ओढून काढली. मी अडवायला धावलो! पण मुलाचा आवाज जराही अडखळला नाही, दुसऱ्या डिस्कवरून चालूच राहिला. बाई म्हणाल्या, एवढं तर कंपनीची पेटीही करते. मग मी तेच केलं, जे तीन वर्षांपूर्वी तुझ्याकडे केलं होतं. अख्खा फोल्डर पुसला.

त्या दिवसाचं खरं मी तुला कधी सांगितलंच नाही. डिस्क खराब निघाली म्हणून वेळ मारून नेली. डिस्क ठणठणीत होती गं. न बोलणाऱ्या मुलांना तू बोलतं करायचीस आणि प्रत्येकाचा पहिला शब्द रेकॉर्ड करून ठेवायचीस. सात वर्षं, साठ मुलं. मीच म्हणालो, ताई, रेकॉर्डर मोकळा कर, पेटीत दोन प्रती आहेत. महिन्याभरात जागा भरली, तेव्हा मी शहाण्यानं तो फोल्डर पुसला, दुसऱ्या डिस्कवर आहेच की म्हणून. पण त्या दोन डिस्क म्हणजे एकमेकींचा आरसा. इथे पुसलं की तिथेही त्याच क्षणी पुसलं जातं. एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती, आणि वर नव्या फाइली ओतल्या, म्हणजे खणून काढायचीही सोय उरली नाही. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलणंच टाकलंस. दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर बरं झालं असतं.

आज मात्र मी पलीकडच्या इमारतीतल्या दुसऱ्या पेटीला कामाला लावलं. ती दर तासाला प्रत घेते आणि आधीच्या प्रती सोडत नाही, इकडे कुणी कितीही गाढवपणा करो. चार मिनिटांत फोल्डर जिथल्या तिथे! सगळ्यांत आधी टाळ्या कुणी वाजवल्या असतील? त्याच खाष्ट बाईंनी. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो आणि ढसाढसा रडलो.

पण पत्र त्यासाठी नाही. दुसऱ्या छपराखाली ठेवलेली प्रत हीच खरी, हे त्या चुकीनंतर शिकलो, तेव्हा एक आठवलं. मूल बोलायला लागून तुझ्याकडून निघालं की त्याच्या आईवडिलांना तू त्या पहिल्या शब्दाच्या रेकॉर्डिंगची प्रत देऊन पाठवायचीस. मी चेष्टा करायचो. दवाखान्यातल्या मावशींकडून घरोघरचे पत्ते मिळवले (त्यांना रागावू नकोस, मी फार मागे लागलो होतो) आणि दोन वर्षं रविवारी-रविवारी दारं वाजवली. ताई, त्रेचाळीस शब्द परत मिळाले! लोकांनी ड्रॉवर उपसले, जुने फोन शोधून काढले, आणि प्रत्येकानं तुझी चौकशी केली. ज्याचा पहिला शब्द ‘दार’ होता, त्या पोरानं मला तासभर बोलू दिलं नाही. सतरा मात्र नाही सापडले. ते माझ्यामुळे गेले. माफ कर मला. सोबतच्या खोक्यात तुझी नवी पेटी आहे, त्रेचाळीसही शब्द आत घालून. दोन वायरी लाव, बस्स. तू ती सुरू केलीस की इकडे माझ्या टेबलावरच्या पेटीचा हिरवा दिवा लागेल आणि तुझ्या फाइलींची तिसरी प्रत माझ्याकडे यायला लागेल. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, फोनही नको. टेबल मी खिडकीपासून हलवून दारासमोर आणलंय, म्हणजे आत पाऊल टाकताच दिवा दिसेल.

तुझाच,
खटपट्या