वेदीपुढची जागा

बाबा, परवा सांगलीच्या चर्चमध्ये तुमचा फोटो नव्या चौकटीत बसवला. जांभळा झगा, हातात मेंढपाळाची काठी, आणि चेहरा असा, की फोटोग्राफरलाच धर्माचे प्रश्न विचारताय. भाषणं झाली. वडूजच्या कोरडवाहू गावांतून सायकल हाणणारा साधा पाळक पुढं बिशप कसा झाला, हे सगळ्यांनी सांगितलं. तुम्ही बिशप झालात तेव्हा तुमच्या हाती काठी आली आणि आईच्या हाती पाहुण्यांच्या चहाचं पातेलं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मागच्या बाकावर मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना.

माझं लग्न कोर्टात झालं. नवरा फौजेतला, घरचा ऊस, देव्हाऱ्यात खंडोबा. मंडळीबाहेर, ख्रिस्ती नसलेल्याशी लग्न केलं की प्रभुभोजन बंद, वेदीपुढं मिळणारा भाकरीचा तुकडा बंद, हा तेव्हाचा नियम. मला तो ठाऊक होता. पण देणारे तुम्ही आहात म्हटल्यावर मला भाकर मिळेल, असं मी धरूनच चालले होते. ईस्टरच्या सकाळी सगळ्यांबरोबर वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले, ओंजळ पुढं केली. तुम्ही एकेकाला तुकडा देत आलात. शेजारच्या मावशींना दिलात, माझ्यापुढं जरासे थांबलात आणि पलीकडच्या बाईकडे वळलात. मी ओंजळ तशीच धरून राहिले, कारण मिटायची कशी ते सुचेना. त्या दुपारी घरी आई तुम्हाला म्हणाली होती, "आवं, लेक हाय तुमची." तुम्ही ताटावरून न जेवताच उठलात. तिनंच मला पुढं सांगितलं, की वडूजला असताना एका मुलीचं प्रभुभोजन तुम्ही असंच बंद केलं होतं, आणि स्वतःच्या लेकीला दिलं असतं तर तिच्या बापाला काय तोंड दाखवलं असतं, असं म्हणत तुम्ही त्या रात्रभर येरझारा घातल्यात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कुपवाडच्या आमच्या खोलीवर आलात. एकटेच, झगा नाही, साध्या सदऱ्यात. नवरा ड्युटीवर होता. स्वयंपाकघरात पाटावर बसलात. मी झुणका-भाकरी वाढली. तुम्ही जेवताय, कांदा मागून घेताय, आणि मी चुलीकडं तोंड करून उभी आहे. मग मान खाली घालूनच तुम्ही म्हणालात, "तुला सोडून फुडं गेलो, तवा तुझ्यासाठी तुकडा उचललाच हुता."

"मग द्यायचं होतं," मी म्हणाले.

"न्हाई देता आलं, बाय."

मला तुमचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. हात धुवून तो ओला हात तुम्ही माझ्या डोक्यावर ठेवलात आणि निघालात. पोचवायला मी दारापर्यंतही आले नाही.

त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. तुमच्या जागी आलेल्या साहेबांनी तो नियम काढून टाकला आणि स्वतः घरी येऊन सांगितलं, ताई, आता या. दर रविवारी जाते. गीतं म्हणते, प्रार्थनेला मान लववते, पण भाकरीची वेळ आली की बाकावरच बसून राहते. पाळक विचारतात, पुढं का येत नाही? गुडघे धरलेत, खाली बसवत नाही, असं सांगते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मला तो तुकडा तुमच्या हातून हवा होता. माझे गुडघे अगदी धड आहेत, बाबा.